पंधरावर एक फुकट

तुम्ही एका बाईला जहाजाच्या दारातून परत घालवलंत. हे मी तुम्हाला आजवर नऊ पत्रांतून सभ्य भाषेत लिहिलं. आता सभ्य भाषा संपली. तुमच्या त्या काचेच्या ऑफिसात ग्रुप बुकिंगच्या खुर्चीवर आज जो कोणी बसला असेल, त्यानं नीट ऐकावं. तिच्या अंगावर लुगडं होतं म्हणून तुम्ही तिला घालवलंत. नियम तुम्हाला नंतर आठवला. आधी लुगडं दिसलं.

सात वर्षं झाली. मुंबईच्या बंदरावर दुपारचा एक वाजला होता. आम्ही मिरजेहून आलेल्या पंधरा बायका तुमच्या काउंटरसमोर ओळीत उभ्या होतो. चौदा जणी निवृत्त नर्स, आणि पंधरावी गजरामावशी. गजराबाई आवळे. प्रसूती वॉर्डात एकतीस वर्षं आया म्हणून राबलेली. हिरवं इरकल, कपाळावर गोंदण, हातात रेक्झिनची पिशवी, आणि पायात पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट.

"मावशी, लुगड्यावर बूट?" मगदूम सिस्टर मघापासून तिला छेडत होती. "पीटीच्या मास्तरीणबाई दिसताय अगदी."

"मग वो? लीला सिस्टरनं कागद वाचून दावला न्हवं का, जेवायच्या हॉलात चप्पल चालणार न्हाई म्हून. लक्ष्मी मार्केटातनं घेतले. चावत्यात, पर चालंल. जेवाया बसल्यावर कुठं चालायचंय?"

लीला सिस्टर म्हणजे मी. लीलावती जगदाळे. हा सगळा घाट मी घातला होता.

घाट घातला तो असा. आम्हा पंधरा नर्सची भिशी होती. नोकरीत असताना सुरू झाली, निवृत्तीनंतरही चालू राहिली. महिन्याच्या पहिल्या रविवारी कुणा एकीच्या घरी जमायचं, डब्यातली चिठ्ठी काढायची, पोहे खायचे आणि गुडघ्यांची चौकशी करायची. त्या रविवारी पाळी मगदूम सिस्टरकडे होती. मी पेपरातली तुमची जाहिरात कापून नेली. तीन रात्री, चार दिवस, मुंबईहून निघून समुद्रात फिरून परत. पंधरा तिकिटांवर सोळावं फुकट. शिवाय भाड्यात दहा टक्के सूट, चढताना सरबत, नाव छापलेल्या टोप्या, ग्रुपचा फोटो, आणि दुसऱ्या संध्याकाळी कॅप्टनसोबत खास जेवण.

"पंधरा तर आपणच आहोत," नजमा मुजावर म्हणाली. "आपल्यासाठीच काढलीय की ही जाहिरात."

"आणि सोळावं?" मगदूम सिस्टरनं विचारलं. "माझ्या नणंदेला घेऊ या का?"

तेव्हा मी उभी राहिले. मला उभं राहून बोलायची खोड आहे, युनियनमध्ये लागलेली. मी म्हटलं, "सोळावं गजरामावशीचं."

मावशी स्वयंपाकघराच्या दारात बसली होती. भिशीला तिला आम्ही दर वेळी बोलवायचो. ती भिशीत नव्हती, पण यायची, कपबशा विसळायची. आम्हाला चिनी मातीच्या कपात चहा असायचा आणि तिला स्टीलच्या पेल्यात. मगदूम सिस्टरकडे तो पेला फडताळात वेगळा ठेवलेला असे. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि आम्ही सगळ्या चहा पीत होतो.

"मला कशाला वो?" मावशी म्हणाली. "म्या काय करू पाण्यात?"

"समुद्र बघायचा."

"समुद्रात बघन्यासारखं काय आस्तं? पानीच की."

मग मी जाहिरात पुढे वाचली. कॅप्टनसोबतचं जेवण, सात प्रकार, एकेक करून टेबलावर आणून वाढतात.

मावशीनं हातातली बशी खाली ठेवली. "एकेक करून? म्हंजे आपुन उठायचं न्हाई?"

"नाही."

"आनि खाल्ल्यावर ताट?"

"तेच उचलतात."

"आपुन नुस्तं बसायचं?"

"नुसतं बसायचं, मावशी."

तिनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "एकतीस वर्सं म्या लोकास्नी ताटं दिली, आनि त्यांची भांडी उचलली, कसली कसली ते तुमास्नी ठावं हाय. घरातबी तेच. लगनात बसले तवा नवऱ्यासंगं एका ताटात जेवले, तेबी सासूनं अर्ध्यातनं उठवली. येकदा बसून खाऊन बघते. येते म्या."

टाळ्या वाजल्या. पहिली टाळी मार्था रणभिसेची. मार्था आमच्यातली सगळ्यात ज्येष्ठ, लेबर रूमची इन्चार्ज होती. ती म्हणाली, "खोलीत दोघी दोघी असतात ना? मावशी माझ्या खोलीत." हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, पण सगळ्यांच्या मनात होता. तो मार्थानं एका वाक्यात मिटवला. उरलेल्या टाळ्या मला होत्या. मला त्या आवडल्या, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या ग्रुप डेस्कला फोन केला. तिकडून एक गोड पोरगी बोलली. सोळा नावं, सोळा वयं, आठ खोल्या. फॉर्म भरताना ती बरंच काही विचारत होती, कुणाचं कुठं टाकू, लीडर कोण, सिस्टीम हे घेते, ते घेत नाही. मी हो हो म्हणत गेले. शेवटी ती म्हणाली, "मॅडम, ग्रुप लीडरला कॅप्टनच्या हस्ते मोमेंटो असतो. दोन शब्द बोलायला आवडेल का?"

मी त्या रात्रीच भाषण लिहायला घेतलं.

निघायला तीन आठवडे असताना मार्था गेली. झोपेत गेली, कुणाला तसदी न देता. मातीला आम्ही सगळ्या होतो. दफनभूमीतून परतताना तिची मुलगी मला म्हणाली, "लीलामावशी, आईचं तिकीट रद्द करू नका. पैसे तर परत मिळत नाहीतच. तिची जागा असू दे."

आम्हाला यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या भिशीत पहिल्यापासून रीतच तशी होती. फेरीच्या मध्येच कुणी गेली, तर तिची चिठ्ठी डब्यातून काढायची नाही. घरचे तिचा हप्ता भरतात, नंबर लागला की पैसे तिच्या घरी पोचतात. फेरी संपेपर्यंत बाई भिशीत असते. दोनदा असं झालं होतं आणि दोन्ही वेळा आम्ही तिचं नाव पुकारून चिठ्ठी काढली होती. तेव्हा मार्थाचं तिकीट भरलेलं आहे, म्हणजे मार्था पंधरात आहे. इतकं सोपं होतं. तुम्हाला कळवायचं असतं, हे आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नाही. चौदाच्या चौदा जणींनी आयुष्यभर सरकारी रजिस्टरं भरली होती, तरी आलं नाही.

तर एक वाजला होता. काउंटरमागे निळ्या कोटातला तुमचा माणूस होता. तिशीचा असेल. मराठीच होता, पण तोंडात आधी इंग्रजी, मग हिंदी, आणि गरज पडली तर मराठी.

"सोळा पाहिजेत. पंधराच दिसतात. मार्था रणभिसे कोण?"

"त्या वारल्या," मी म्हटलं.

"ओह. सॉरी." त्यानं संगणकावर काहीतरी बडवलं. "मग ग्रुप चौदाचा झाला."

"चौदाचा कसा? त्यांचे पैसे भरलेत. पंधरा तिकिटं भरलीत. पंधरावर एक फुकट. तुमच्याच कागदावर आहे."

"पैसे भरलेले पंधरा प्रवासी प्रत्यक्ष चढले पाहिजेत, मॅडम. अट क्रमांक अकरा. तुम्ही सही केलीय."

"पैसे घेताना तुम्ही मेलेल्याचे घेतले ना? मग मोजताना का नाही मोजत?"

मागून मगदूम सिस्टर म्हणाली, "लीला, आवाज कमी कर. लोक बघतायत."

"बघू दे."

तो पोरगा शांत होता. तुम्ही त्यांना शांत राहायला शिकवता, त्यानं समोरच्याचं डोकं जास्त फिरतं. "मॅडम, मी समजू शकतो. पण पंधरा पूर्ण होत नाहीत, तर फ्री तिकीट रद्द होतं. त्यांना जायचं असेल, तर आजच्या दरानं नवीन तिकीट काढावं लागेल."

"आजचा दर किती?"

त्यानं आकडा सांगितला. आमच्या दराच्या अडीचपट होता.

"अहो, पण एक खाट रिकामी जातेय," मी म्हटलं. "रणभिसे सिस्टरची. पैसे भरलेली. त्या खाटेवर जाऊ दे एकीला."

"नाव बदलायला बहात्तर तास आधी अर्ज लागतो."

"नाव नका बदलू. नाव राहू दे मार्थाचंच. माणूस जाऊ दे."

"असं कसं, मॅडम?"

"आणि मेलेलीच्या नावानं खाट समुद्रात फिरवायची, हे कसं?"

नजमानं पर्स उघडली. "वर्गणी काढू या. मी देते तीन हजार." आणखी दोघी-तिघी चाचपू लागल्या. आमच्या बायका रोकड कमरेच्या बटव्यात ठेवणाऱ्या. तो म्हणाला, "कॅश चालणार नाही. कार्ड फक्त. आणि गेट अडीचला बंद होतं."

कार्ड पाच जणींकडे होतं. दोघींना त्याचा नंबर आठवत नव्हता. तिघींची कार्डं पेन्शनच्या खात्याची होती, आणि महिन्याची सव्वीस तारीख होती.

"वरिष्ठांना बोलवा," मी म्हटलं.

वरिष्ठ आले नाहीत, फोनवर आले. त्या पोरानं अर्धा मिनिट ऐकलं आणि फोन ठेवला. "सर म्हणतात, नियमानं खरं तर तुमची दहा टक्के सूट, टोप्या, फोटो, कॅप्टन डिनर, सगळंच जायला पाहिजे. कारण ग्रुप पंधराचा राहिलाच नाही. पण तुमच्या सोबतच्या मॅडम एक्सपायर झाल्या म्हणून सर एक्सेप्शन करतायत. फ्रीवाले प्रवासी आपणहून थांबले, तर बाकी सगळ्यांचं सगळं तसंच ठेवू. डिनरसुद्धा."

काय हुशारीनं चिरलंत तुम्ही आम्हाला! एका बाजूला चौदा टोप्या, एका बाजूला एक माणूस.

मगदूम सिस्टर हळूच म्हणाली, "सूट गेली, तर फरक भरायचा कुठून? मी सुनेकडून घेतलेत पैसे."

पोरानं एक छापील यादी काढून माझ्यापुढे सरकवली, पेन दिला. "लीडरची सही लागेल. फ्रीवाले कोण आहेत तुमच्यात?"

मी यादीकडे बघितलं.

बाकी सगळ्यांनी मावशीकडे बघितलं. तेरा माना एकदम वळल्या. त्या पोराचीही वळली. यादी त्याच्याच पुढ्यातून आली होती, पण त्यानं यादी वाचली नाही. इरकल बघितलं, गोंदण बघितलं, रेक्झिनची पिशवी बघितली आणि म्हणाला, "या का? ठीक आहे. आजी, तुम्ही जरा बाजूला या."

"आजी काय म्हनतोस रं?" मावशी म्हणाली. "तुझ्यासारकी शंभर पोरं या हातावर जल्मली."

ती हसत होती. मग तिनं आमच्या तोंडांकडे बघितलं आणि तिचं हसू थांबलं. मावशी अडाणी होती, पण वॉर्डात डॉक्टरच्या आधी तिला कळायचं, बाळ जगणार की नाही.

"काय झालं, सिस्टर?"

"काही नाही मावशी. मी बोलतेय."

"मार्था बाईंच्या पायी एक मानूस कमी पडतंय, आसंच न्हवं? आनि फुकटातली म्या."

"फुकटातली म्हणू नका," नजमा म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"मग काय म्हनू? मगदूमबाई गाडीत बसल्यापास्नं तेच म्हनत्यात की. मिरजेपास्नं कल्याणपातुर." तिनं पिशवी उचलली. "जावा तुमी. माझी भाची हाय परळला. लई दिस बोलवतीया. चार दिस ऱ्हाते आनि जाते गाडीनं."

"मावशी, थांबा," मी म्हटलं. मी म्हटलं, एवढं मला आठवतं.

"सिस्टर, तुमचं भाशन हाय न्हवं? जावा. दोन वाजून गेलं."

मी सही केली. मावशीनं आमच्या सगळ्यांच्या देखत एक काम केलं. बाजूच्या बाकावर बसून तिनं ते पांढरे बूट काढले, पिशवीतून चपला काढून घातल्या, आणि बूट पदराच्या टोकानं पुसून पुन्हा खोक्यात ठेवले. मग निघाली. त्या गुळगुळीत फरशीवर तिच्या चपलांचा आवाज दारापर्यंत ऐकू आला.

पोरगा म्हणाला, "थँक यू फॉर युवर कोऑपरेशन," आणि मला टोपी दिली. टोपीवर माझं नाव होतं.

जहाजाचं वर्णन मी करणार नाही. ते तुमच्या पुस्तिकेत आहे. एकच सांगते, कारण ते पुस्तिकेत नाही. सहाशे बारा नंबरची खोली मार्था आणि मावशीची होती. माझी आणि मगदूम सिस्टरची तिच्या शेजारची. रोज सकाळी तुमचा खोल्या आवरणारा मुलगा सहाशे बारा उघडायचा, रिकाम्या खाटांवरच्या चादरी बदलायचा, आणि टॉवेलचे दोन हंस करून ठेवून जायचा. तिन्ही दिवस. दार उघडं असायचं तेव्हा मी बघायचे. दोन खाटा, दोन हंस. कुणी नाही.

दुसऱ्या संध्याकाळी कॅप्टनचं जेवण झालं. सोळा खुर्च्या मांडल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे नावाचं कार्ड होतं. वाढणाऱ्यानं दोन कार्डं उचलली, दोन ताटल्या उचलल्या आणि खुर्च्या भिंतीला लावून टाकल्या. त्याला सवय असावी. सूप आलं, मग काहीतरी थंड आलं, मग मासा आला. आम्ही नुसत्या बसून होतो. एकेक करून आणत होते, एकेक करून नेत होते.

मगदूम सिस्टर माझ्या कानाशी म्हणाली, "मावशीला हे झेपलंच नसतं गं. काटे-चमचे."

"गप्प बस आणि जेव."

"माझ्यावर कशाला चिडतेस? मी काय नियम केला?"

कॅप्टननं मला काचेचं जहाज दिलं. मला माइक दिला. भाषण पर्समध्ये होतं. त्यात एक वाक्य होतं, "आमच्या गजरामावशी आज पहिल्यांदा बसून जेवत आहेत." मी ते वाक्य गाळून बाकीचं वाचलं. टाळ्या वाजल्या.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी मी मावशीकडे गेले. टोपी, फोटो, आणि जेवणातला एक चॉकलेटचा तुकडा कागदी रुमालात बांधून नेला होता. ती दारात लसूण सोलत बसली होती.

"भाची काय म्हणते?"

"कुटली भाची?" ती म्हणाली, आणि मग तिला आठवलं. "बरी हाय."

परळला तिचं कुणी नव्हतं, हे मला तिच्या सुनेनं नंतर सांगितलं. मावशी त्या दिवशी बंदराच्या फाटकाबाहेर बसून राहिली होती. जहाज हललं ते बघितलं, मग विचारत विचारत स्टेशनावर गेली आणि जनरल डब्यातून उभ्यानं मिरजेला आली. घरी आधी सांगितलं, समुद्र लागला, उलट्या झाल्या, म्हणून उतरवली; खरं काय ते सुनेला पुढे कधीतरी सांगितलं.

मावशीनं टोपी उलटसुलट करून बघितली. माझी टोपी होती ती, तिच्या नावाची तुम्ही दिलीच नव्हती. "सिस्टर, आता सांगा. काय काय हुतं जेवाया?"

मी सांगायला लागले. ती मध्येच थांबवायची. "म्हंजे सूप नेलं, मंग मासा? एकदम न्हाई? आनि मधी काय करायचं, नुस्तं बसायचं? वाडणारा बापय हुता का बाई?" सातही प्रकार तिनं माझ्याकडून वदवून घेतले. शेवटी चॉकलेटचा तुकडा तोंडात घातला आणि म्हणाली, "ग्वाड हाय. पर आमच्या दवाखान्यातल्या खिरीची सर न्हाई."

तिनं मला एक शब्द बोलून दाखवला नाही. तिनं मला बोलायला पाहिजे होतं.

मग मी तुम्हाला पत्रं लिहायला लागले. पहिलं रागाचं, दुसरं अधिक रागाचं, तिसरं वकिलाला विचारून. अट क्रमांक अकरा अमानुष आहे, असं लिहिलं. तुमच्या माणसाची चौकशी करा, असं लिहिलं. मावशीची लेखी माफी मागा, असं लिहिलं. आठ पत्रांना उत्तर नाही. नवव्याला आलं. तुम्ही लिहिलंत, आम्हाला खेद आहे. आणि सोबत एक कूपन पाठवलंत, पुढच्या ग्रुप बुकिंगवर जादा पाच टक्के सूट. किमान पंधरा प्रवासी.

ते कूपन मी आमच्या भिशीत वाचून दाखवलं. सगळ्यांनी तुम्हाला शिव्या घातल्या. मगदूम सिस्टरनंही घातल्या. त्या दिवशी तिनं मावशीला चिनी मातीच्या कपातून चहा दिला. मावशीनं तो घेतला, प्याली, आणि कप स्वतः विसळून ठेवला.

गेल्या माघात मावशी गेली. आणि आता दोन आठवड्यांपूर्वी तिची नात माझ्याकडे आली. प्रणाली. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या प्रवेशाच्या अर्जावर शिफारस मीच लिहिली होती. हातात प्लास्टिकची पिशवी होती, पिशवीत एक घडी घातलेला कागद.

"आजीच्या ट्रंकेत मिळाला. बुटाच्या खोक्यात," ती म्हणाली. "बूट एकदम कोरे आहेत, सिस्टर. कागद म्हणजे तिकीट आहे तुमच्या क्रूझचं."

"असेल. मी प्रत्येकीला प्रिंट काढून दिली होती."

"मी वाचलं ते. मला एक कळलं नाही." तिनं कागद माझ्यापुढे ठेवला. इंग्रजी होता. मावशीला मराठीत सही करता यायची, इंग्रजी नाही. "आजी फुकट होती ना? तुम्हीच सगळ्यांना सांगता. मग यावर पूर्ण भाडं भरलं असं का छापलंय?"

मी म्हटलं, "कंपनीचा घोळ. चोर आहेत ते."

"मग आजीला उतरवता येत नव्हतं ना? तिकीट तर तिचं पक्कं होतं. मग फुकट कोण होतं?"

"बघते मी. कागद ठेवून जा."

ती कागद ठेवून गेली नाही. घडी घालून पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "मी येते परत पुढच्या रविवारी." बोलणं आजीसारखंच, कुठे जोर नाही.

तो रविवार येऊन गेला. मी घराला कुलूप लावून कोल्हापूरला बहिणीकडे जाऊन बसले. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी एका पोरीला भिऊन पळाले.

फोनवर तुमची ती गोड पोरगी काय म्हणाली होती, ते आता लिहिते. ती म्हणाली होती, "मॅडम, फुकट तिकीट सिस्टीम फक्त ग्रुप लीडरच्या नावावर घेते. दुसऱ्या कुणाच्या नावावर निघत नाही. तुमचं फुकट दाखवते, आणि तुम्ही भरलेले पैसे गजराबाईंच्या नावावर टाकते. चालेल?" मी म्हटलं, चालेल. कागदावर काही असू दे, आमच्यात मावशीच फुकट.

काउंटरवर त्या पोरानं यादी माझ्यापुढे सरकवली, तेव्हा शेवटच्या ओळीत एकच नाव होतं, आणि त्यापुढे शून्य होतं. जगदाळे लीलावती. ते मी वाचलं. चष्मा होता मला. त्यानं विचारलं, फ्रीवाले कोण, आणि माझ्या हातात पेन होता. "मी" एवढं म्हणायचं होतं. मी म्हटलं, "मावशी, थांबा." थांबा म्हटलं, जाते म्हटलं नाही. पैसे माझे होते, असं सात वर्षं मी स्वतःला सांगते. पैसे माझेच होते. आणि पर्समध्ये भाषण होतं.

पण मी गप्प बसले म्हणून तुम्ही सुटत नाही. यादी तुम्ही छापली होती. नाव तुमच्या माणसाच्या बोटाखाली होतं, आणि त्यानं नाव न वाचता माणूस वाचला. माझ्या अंगावर कांजीवरम होतं. तुम्ही मला विचारलंसुद्धा नाही. तुम्हाला शंकाही आली नाही, आणि मला ती येऊ द्यायची नव्हती. आपलं किती चटकन जमलं, बघा. एक शब्द न बोलता.

हे दहावं पत्र. यासोबत तुमचं कूपन परत पाठवते आहे. काचेचं जहाजही पाठवते आहे. फुटलं तर फुटू दे. माफी नको, सूट नको. तुमच्या कपाटात त्या दिवशीची यादी असेल, माझ्या सहीची. ती काढा. शेवटची ओळ मोठ्यानं वाचा, ऑफिसात सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

प्रणाली शेजारी निरोप ठेवून गेलीय, या रविवारी ती पुन्हा येणार आहे. आता मी कुलूप लावणार नाही. तिच्यासमोर ती ओळ आधी कोण वाचणार, तुम्ही की मी? रविवारच्या आत उत्तर द्या.